मराठीत सांगितलेली अट

“तू कॅटेगरीतून लागली होतीस ना इंजिनिअरिंगला? आधी सांगायचंस की.”

तोवर सगळी मीटिंग इंग्रजीत चालली होती. तांजोंग पगारचं ऑफिस, काचेची खोली. समोर दोघं गुंतवणूकदार. एक पुण्याचे, साठीचे. त्यांना सगळे सर म्हणत. दुसरी तिथलीच चिनी बाई. माझ्या शेजारी केदार, कंपनीतला माझा पार्टनर. जहाजदुरुस्तीचं आमचं सॉफ्टवेअर, गिऱ्हाइकं, नफा, सगळं सरांनी इंग्रजीत विचारलं. हे एवढंच मराठीत. गोड हसून. आणि एकदम अगं-तुगं. बाईला वाटलं, गावाकडच्या गप्पा चालल्यात. तीही हसली.

पैसे देण्याआधी हे लोक फाउंडरची चौकशी करतात, चार ठिकाणी फोन लावतात. रीतच आहे. मी जुन्या बॉसचा नंबर दिला होता, सेम्बावांगच्या जहाजांच्या यार्डातल्या मॅनेजरचा दिला होता. सरांनी ते ठेवले बाजूला आणि फोन केला माझ्या कॉलेजातल्या त्यांच्या मित्राला. माझं काम कसं आहे, हे नाही विचारलं. मी कुणातली, हे विचारलं.

मग अटही मराठीतच.

“पैसे देतो. पण सीईओ केदार. तू आत राहून काम कर. पुढचे इन्व्हेस्टर घराणं बघतात गं.”

कंपनी मी काढली होती. कोडिंग माझं. हेल्मेट घालून उन्हात यार्डभर हिंडले ती मी. केदार नंतर आला. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो पाण्याची बाटली उघडत बसला. अंगाची लाही लाही झाली माझ्या. पण हो म्हटलं असतं तर सगळं वाचत होतं. माझा त्या देशात राहायचा पास कंपनीवरच होता. पैसे नाहीत तर कंपनी नाही, कंपनी नाही तर गाशा गुंडाळायचा.

असल्या बोलण्यावर मी आजवर हसत आले होते. शाळेत, हॉस्टेलवर, नोकरीत. त्या दिवशी हसूच येईना.

मी बाईकडे वळले. इंग्रजीत, सावकाश सांगितलं, “हे म्हणतायत, मी दलित आहे, म्हणून माझी कंपनी केदारनं चालवायची. मला मान्य नाही.”

सरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही तरी काही बोलेल. कसलं काय! तिनं कागद गोळा केले. “तुमचं तुम्ही मिटवा लाह,” तिथल्या ढबीत म्हणाली आणि उठली.

पैसे आले नाहीत. पुढे जिथं जिथं गेले, तिथं माझ्याआधी सरांचा फोन पोचलेला. मी म्हणे भांडखोर आहे. केदार सरांच्याच दुसऱ्या कंपनीत लागला. माझी बंद पडली, पास गेला.

पुन्हा कंपनी काढीन. पैसे कोण देणार, माहीत नाही. बहुधा कुणीच नाही. पण यापुढे जिथं बसेन तिथं पहिलं वाक्य माझं असेल, खोलीतल्या सगळ्यांना कळेल अशा भाषेत. मी दलित. कंपनी माझी. उठून जायचं असेल त्यानं तेव्हाच उठावं.