मुठीला न कळलेला धान

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही. झालंय ते मेंदूत आणि मणक्यात," डॉक्टर म्हणाले. "मल्टिपल स्क्लेरोसिस."

बायकोनं, संगीतानं, ते नाव फाईलवर लिहून घेतलं. मी विचारलं, "साहेब, हात कामाले कधी येईल?" ते म्हणाले, आधी आजार समजून घ्या. मला तो समजून घ्यायचा नव्हता. नागपूरहून आमच्या मूल गावाला जाणारी पुढची बस धरायची होती.

मूलच्या एका राइस मिलमध्ये मी सतरा वर्षं धान पारखतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ वळायची. आत गारवा लागला तर धान ओला, आणि ओला धान भरडला की तांदूळ तुटून कणी पडते. ओल मोजायचं मीटर मिलमध्ये आहे, पण ते कपाटात. माझी मूठ असताना त्याला विचारतो कोण!

बोटांना मुंग्या आल्या त्या मे महिन्यात. डोळ्यांपुढे धुकंही यायचं. आमच्याकडे मे महिन्यात काहीही झालं तरी निदान तयार असतं: ऊन लागलं. संगीतानं पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवला. महिनाभरानं त्रास आपोआप गेला आणि मी कांद्याचे गोडवे गात फिरलो.

दिवाळीनंतर उजवा हात बधिर झाला. मी कुणालाच सांगितलं नाही. त्याच आठवड्यात ताराबाई धान घेऊन आली. जुनं गिऱ्हाईक. मी हात घातला, गारवा काही लागला नाही. "वाळला आहे," म्हणालो. अर्ध्याहून जास्त कणी पडली. सगळे बघत होते. मी घाबरलो आणि म्हणालो, "बाई, तुमचा धानच कच्चा कापला होता." ती कणीचं पोतं घेऊन गेली.

पुढे चमचा हातातून पडायला लागला, तेव्हा संगीतानं मला नागपूरला ओढत नेलं. एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच नसांवरचं आवरण खातात, म्हणून मेंदूचा निरोप अडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. सलाइनमधून पाच दिवस स्टेरॉइड दिलं, नंतर आजार पुन्हा पुन्हा उसळू नये म्हणून गोळ्या. उष्णतेनं त्रास वाढेल, उन्हात फिरू नका, हेही सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला!

मग आणखी एक तपासणी झाली, फंक्शनल एमआरआय. काम करताना मेंदूचे कोणते भाग एकमेकांच्या जोडीनं चालतात, ते त्यात दिसतं. मी आत पडून अंगठा एकेका बोटाला लावत होतो. अहवालासाठी बाहेर बाकावर दोन दिवस वाट पाहिली. नुसतं बसवेना, म्हणून जिने चढत-उतरत राहिलो.

"एवढ्याशा कामाला तुमचा मेंदू दोन्ही बाजूंचे भाग कामाला लावतोय," डॉक्टर म्हणाले. "जुन्या वाटा बिघडल्या, तो नव्या जोडतोय. थकवा कदाचित त्यामुळेही असेल."

"म्हणजे चांगलंच ना?"

"कधी ती मदत असते, कधी नुसती धावपळ. तुमच्या बाबतीत काय आहे, ते मला आज सांगता येणार नाही."

मला रागच आला. बसमध्ये मात्र वाटलं, एवढा शिकलेला माणूस 'सांगता येणार नाही' म्हणतो, आणि मी? कळलं नसताना ताराबाईचा धान कच्चा ठरवून मोकळा झालो.

हाताची ताकद बरीच आली, गारवा कळणं आलं नाही. मीटर कपाटातून बाहेर निघालं. पुढच्या हंगामात ताराबाई आली.

"बाई, मागच्या साली तुमचा धान कच्चा नव्हता, नुसता ओला होता. माहा हात बधिर झाला होता, मले समजलंच नाई. न् मी तुमच्यावर ढकललं."

तिनं पदर कमरेला खोचला. "सालभर मी सुनेले बोलून राह्यली, भाऊ. 'तुनं कच्चा कापायले लावला' म्हणून."

तिनं पोत्याचं तोंड सोडलं. "पाह्य आता."

मी दाणा दाताखाली धरला. तो नरम दबला. मीटरही तेच म्हणालं. "ओला आहे, बाई. दोन दिवस ऊन द्या."

"देईन. पण तू घरी ये, न् माह्या सुनेले सांग."

तुमच्या हातापायाला असं काही झालं तर उन्हावर ढकलू नका. लपवूही नका. लपवलेलं दुखणं माझ्यापाशी राहिलं नाही, ते ताराबाईच्या सुनेपर्यंत पोचलं.

रविवारी गेलो. सगळं सांगितलं. सून आत गेली आणि चहाचा पेला घेऊन आली. मी डावा हात पुढे केला आणि उजव्याला चटका कळत नाही, तेही तिला सांगितलं.