लाल दिवा आमचा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत लिफ्टजवळची पार्किंगची जागा सलग तीन वर्षं सोडतीत सेक्रेटरींनाच लागली. चिठ्ठ्या तेच लिहीत, घडी तेच घालत, डबाही त्यांच्याच घरचा! यंदा त्या जागेला दोनच अर्ज होते, त्यांचा आणि आमचा. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून गेटपासून लिफ्टपर्यंत काठी टेकत यायला दहा मिनिटं लागतात. मला ती जागा हवीच होती.

"डब्याला रजा द्या," मी मीटिंगमध्ये म्हटलं. "मी यंत्र करते. लाल दिवा आमचा, हिरवा तुमचा."

"करा की," सेक्रेटरी म्हणाले. "आपण शिकलेल्या बाई."

पॉलिटेक्निकमध्ये मी जन्मभर सर्किटंच शिकवली. हे तर डाव्या हातचा मळ. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सामान आणलं. ट्रान्झिस्टर मुद्दाम उलटा जोडला की त्यातून वीज नुसती खुरखुरत झिरपते. ती खुरखुर मोठी करायची. बटण दाबलं त्या क्षणी ती ठरावीक पातळीच्या वर असेल तर लाल, खाली असेल तर हिरवा. कधी काय, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

सोडतीच्या आदल्या दुपारी मी बटण दाबत होते आणि हे चांगल्या हाताने कागदावर रेघा ओढत होते. दहात सात वेळा लाल! माझी पातळी खाली बसली होती.

"राहू दे की," हे म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" मी खेकसले. पातळीचा स्क्रू फिरवत बसले, दोन्हीकडच्या रेघा जवळपास सारख्या होईपर्यंत.

रविवारी सगळ्यांदेखत सेक्रेटरींनाच बटण दाबायला लावलं. हिरवा लागला.

तरी मीच रजिस्टर ओढून निकालाखाली पहिली सही ठोकली. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, तुम्ही घ्या जागा."

"आता नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पुन्हा बटण दाबू."

संध्याकाळी दवाखान्यातून आलो. गाडी गेटजवळ लावली. निम्म्या वाटेवर हे दम खायला थांबले.

"काल स्क्रू नीट बसला होता ना गं?"

"चोख."

"मग धर हात," हे म्हणाले, आणि आम्ही चालायला लागलो.