सुलूचे सोमवार

रमूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, सुलू गेली," एवढंच म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा, तर "आज कुठला उपास होता तिचा?" ... माझ्या या चुलतबहिणीची घरात तेवढीच ओळख उरली होती. दीड महिना झाला, त्या प्रश्नाची लाज काही जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आगाशीला आमची दोन घरं एकाच वाडीत, मधे नुसत्या केळी. काका, म्हणजे सुलू-रमूचे वडील, गावाला फार भला माणूस. त्यांचा राग निघायचा तो घरात, नेमका जेवणाच्या वेळी. कालवणात मीठ कमी, रमूचे गणिताचे मार्क, सुलूचं मोठ्याने हसणं, काहीही पुरायचं. ताट भिंतीवर जायचं, मग हात उठायचा. आमच्याकडे सगळं ऐकू यायचं आणि माझी आई रेडिओ मोठा करायची. सुलू नऊ-दहा वर्षांची असताना काकूबरोबर तिने हौसेने श्रावणी सोमवार धरला. शाळा अर्धी होती. दुपारी काकांनी तिच्यावर हात उगारला आणि मधेच थांबले. "उपास आहे ना गो तुझा? ऊठ, जा तिकडे." देवाला ते भ्यायचे. पोरीला वाट सापडली. श्रावण संपला तरी सोमवार चालूच राहिले, मग गुरुवार आले, चतुर्थी आली, एकादशी आली. उपासाची बशी चुलीपाशी, एकटीची, तिथे कुणी यायचं नाही. रमूला देवाधर्माची गोडी नव्हती. तो ताटं मांडायच्या वेळेला घरातून पळायचा, आणि असा पळत पळत ताडीच्या गुत्त्यावर पोचला. मिसरूड फुटायच्या आत पोरगं पिऊ लागलं. तो वाया गेला म्हणून गाव हळहळलं. सुलूचं मात्र कौतुक, आणि तिच्या नावाने आम्हा बाकीच्या पोरींना टोमणे. मी तर खाण्यात पटाईत, त्यामुळे मला जास्तच.

काका वारले. रमूचं लग्न झालं, आणि पुढे तो सुलूला घेऊन सहकुटुंब तुळिंजला फ्लॅटमध्ये राहायला आला. आता ताट भिरकावणारं कुणी नव्हतं. तरी सुलू ओट्याशी उभी राहून सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः बसायची नाही. गळ्याची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. बिल्डिंगमधल्या बायका चतुर्थीला तिच्या पाया पडायच्या. एकदा तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "मला उपास सोडवत नाही गो. ताट पुढे आलं की घसाच मिटतो." मी शहाणीने काय म्हणावं? "नशीबवान आहेस, देवाचं एवढं मनापासून कुणाला होतं!" ती हसली आणि हात काढून घेतला. सोडवत नाही म्हणजे सोडणं जमत नाही, एवढं साधं मराठी मला कळलं नाही. मला वाटलं, भक्ती सांगतेय. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, मीही नाही.

रमूला आम्ही दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. लहानपणी घरात काय व्हायचं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथे कुणीतरी विचारलं. आज बरीच वर्षं तो पीत नाही. सुलूचं हृदय उपासमारीने थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले, त्यानंतर रमू मला म्हणाला, "मी प्यायलो तर चौघांनी धरून नेलंत. ती उपाशी राहिली तर पाया पडलात. दोघांचं दुखणं एकच होतं, ताई."

तेराव्याला रमूची श्रुती, अकरावीतली, सगळ्यांसमोर म्हणाली, "आत्याचे सोमवार मी कंटिन्यू करते." बायका लगेच, "अगदी आत्यावर गेली हो!" रमूचा चेहरा उतरला. मी उठले. म्हटलं, "कुणी काही धरायचं नाही. सुलू उपासानेच गेली." कुणीतरी पुटपुटलं, आजच्या दिवशी असं बोलू नये. श्रुती रडकुंडीला आली. "मग तिच्यासाठी काय करू? तिला काय आवडायचं ते तरी सांग. ते बनवते, बसून खाते."

मी रमूकडे पाहिलं, रमूने माझ्याकडे. साबुदाणा, वरी, राजगिरा... तिच्या बशीतलं सगळं आठवलं, आवडीचं काही आठवेना. एका वाडीत वाढलो आम्ही तिघं. अजून श्रुतीला उत्तर द्यायचं राहिलंय, आणि आम्ही दोघं रोज फोनवर शोधतोय. काल रमू म्हणाला, "ताई, सुकेळी असतील का गं? आई उन्हात केळी सुकवायची, सुलू तिथेच बसलेली असायची बघ."

"नाही रे," मी म्हटलं. "सुकेळी मला आवडायची. ती तिच्या वाटणीची मला देऊन टाकायची."