कोंबडीमागं बिदर

वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत मी एकट्यानं फक्त शेतापर्यंत गेलो होतो. तेही आई बांधावर उभी असायची.

ही गोष्ट मी आपण होऊन कुणाला सांगितली नसती. पण आम्ही औरादची सगळी मंडळी बिदरला सुमनला बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी पुढं ठेवत तिनंच विचारलं, "एकट्यानं कुठं कुठं फिरलाव?" मला खोटं पटकन सुचत नाही. मी म्हटलं, "शेताकडं." पोरगी बालवाडीत शिकवायची, तीन भाषा फाडफाड बोलायची, आणि मला तर ती दारात दिसली तेव्हाच पसंत पडली होती. तिच्या वडलांनी मात्र आठवड्यानं निरोप धाडला. पोरगं गुणाचं आहे, पण शहरात ते पोरीला सांभाळंल का पोरीलाच त्याला सांभाळावं लागंल, हे काही कळंना!

झोंबलं की हो! त्याच तिरमिरीत मी आईला सांगितलं की भर मे महिन्यात, एकट्यानं, कुणालाही वाट न विचारता मी अख्खं बिदर पालथं घालतो, किल्ला बघतो आणि संध्याकाळी सुमनच्या दारात चहाला हजर होतो. त्याशिवाय ही सोयरीक जमत नव्हती. आपल्या राज्याचं नाव तेव्हा नुकतंच म्हैसूरचं कर्नाटक झालं होतं. एवढं मोठं राज्य बदलतं, तर मी का नाही? चुलतभाऊ पलटणीत होता. त्याचा खाकी पिट्टू, म्हणजे पाठीवर अडकवायची पिशवी, मागून आणला. आत एक सदरा, पाण्याची बाटली, बस्स. पाठीवर बोजा घेऊन जग हिंडणारे गोरे मी उदगीरच्या स्टेशनात बघितले होते. तसंच मोकळं फिरायचं होतं मला.

चूक एवढीच झाली, की आईनं हे नळावर सांगितलं.

सकाळी बसपाशी निम्मी गल्ली उभी! आमच्याकडं कुणी बिदरला चाललंय म्हटलं, की तो माणूस उरत नाही, टपालगाडी होतो. "बिदरला जायलास? मग एवढं लोणचं आमच्या अक्काला दे." कुणी शेवया दिल्या, कुणी बाळंतिणीला डिंकाचे लाडू (मे महिन्यात!), आणि किराणा दुकानाच्या अण्णांनी तर दगडी वरवंटा दिला. पाटा लेकीबरोबर सासरी गेला होता, वरवंटा मागं राहिला होता म्हणे. पत्ता सगळ्यांचा एकच, चौबाऱ्यापाशी कुणालाबी इचार.

चौबारा म्हणजे बिदरच्या जुन्या गावाच्या मधोमध उभा असलेला गोल बुरूज. सगळे रस्ते तिथून फुटतात आणि (हे मला त्या दिवशी कळलं) फिरून तिथंच येतात. पत्ता कुणालाबी विचारायचा, आणि मी तर न विचारायची शपथ घेऊन आलेलो. मग काय, एका गल्लीत शिरायचं, दारं न्याहाळायची, दोनचार कुत्री अंगावर घ्यायची आणि परत चौबारा. ऊन असं, की डोक्यावरचा रुमाल इस्त्री केल्यासारखा गरम. पाठीत वरवंटा रुततोय, मानेखालून लोणच्याचं तेल उतरतंय. बुरुजाखालचा पानवाला हे सगळं सकाळपासून बघत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"क्या जी, मन्नत मांगे क्या? सुबे से चक्करां मार रैं."

मी त्याला वाट विचारली नाही. त्यानं विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं बसल्या जागेवरून सगळी घरं दाखवली. म्हणजे शपथ शाबूत राहिली, असं माझं मत आहे.

पण रिकाम्या पिट्टूनं कुणी जाऊ देतंय व्हय? लोणचं काढलं की त्या जागी गुळाची ढेप. शेवया काढल्या की पापडाची चळत. वरवंटा उतरवला तेव्हा तर मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं, तोवर अण्णांच्या लेकीनं बापासाठी करडीच्या तेलाचा डबा आत ठेवलासुद्धा. घरटी चहा झाला, तो वेगळाच. शेवटचं घर आईच्या मैत्रिणीचं, गंगूअक्काचं. तिनं पायाला सुतळी बांधलेली एक लाल कोंबडी माझ्या बगलेत दिली.

"सुमनच्या घरी जायलास न्हवं? त्यायला कोंबडी देते म्हणून सांगितलेलं हाय, वाट बघत असतील. हरवू नकू बाबा, सोयरीक व्हायचीय तुझी."

असा मी किल्ल्यापुढं पोचलो. दरवाज्याच्या सावलीत घोटभर पाणी प्यावं म्हणून बाटली वर केली, बगल सैल पडली आणि कोंबडी सुटली. सुतळी केव्हाच गळून पडली होती!

पुढं जे झालं, त्याला मी आजही पर्यटनच म्हणतो. ती पहिल्या दरवाज्यातून आत, मी मागं. दुसरा दरवाजा, तिसरा दरवाजा. ती रंगीन महालाच्या पायऱ्या चढली, मीही चढलो. (तिथल्या भिंतीतलं शिंपल्यांचं काम फार सुरेख आहे. मी पालथा पडलो तेव्हा ते अगदी जवळून बघता आलं.) लाल बागेतल्या हौदाला वळसे घातले. शाही मुदपाकखान्याकडं मात्र ती फिरकली नाही, शहाणी होती. पाठीवर तेल डचमळतंय, पापडांचा चुरा होतोय, आणि माझ्या डोक्यात एकच, ही गेली तर सुमन गेली. शेवटी ती तटावरच्या मोठ्या तोफेखाली सावलीला शिरली. मीही पोटावर सरपटत आत शिरलो. तिची चोच उघडी, माझंही तोंड उघडं. बाटलीच्या झाकणात पाणी ओतून तिला पाजलं, तशी ती गुमान हाताशी आली. दोघंही पार थकलो होतो.

संध्याकाळी सुमनच्या दारात उभा राहिलो. केसांत लाल माती, सदऱ्यावर लोणचं, बगलेत कोंबडी. तिच्या वडलांना म्हटलं, "जयभीम. चहाला आलोय."

त्यांनी माझी परीक्षाच घेतली. मी धाडधाड सांगत सुटलो. महालाच्या कुठल्या पायरीचा टवका उडालाय, हौदाच्या मोरीत माणसाचा हात कुठवर जातो, तोफ खालून कशी दिसते! बिदरमध्ये जन्म काढलेल्या त्या माणसानं तोफ खालून कधी बघितली नव्हती. ते एकदम खूश झाले.

"एकट्यानं अख्खा किल्ला फिरून आलंय की गं पोरगं."

सुमननं कोंबडी घेतली. कोंबडीच्या पायांची लाल माती बघितली, मग माझ्या पायांची बघितली.

"एकटे कुठं, बाबा? कोंबडी होती की संगं."

माझी मान खाली. संपलं, असं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण तिला टाकून आले न्हाईत. मला चालतंय."

चालतंय! त्या घरात त्या दिवशी माझ्याएवढा मोठा माणूस कुणी नव्हता. सासऱ्यांनी (हो, सासऱ्यांनीच!) मला जेवायला ठेवून घेतलं, आणि त्याच कोंबडीच्या कालवणाबरोबर मी भाकरीवर भाकरी हाणली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण भूक फार लागली होती.

लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून सुमननं मला एकट्याला कुठं म्हणून जाऊ दिलेलं नाही. एकदा धीर करून विचारलं, अगं कामून? तर म्हणाली, "मागच्या खेपेला कोंबडीनं तुमाला सांभाळून आणलं. ती आपण खाल्ली. आता मलाच यावं लागतंय."