कुणी न सांगता उतरले

“अरे, पण तुला किसने कहा उतरायला?”

आदित्य असं म्हणाला आणि हसायला लागला. हर्षल हसला. केतकी माझ्याच शाळेत शिकवते, तिनंच मला त्या खोलीत पहिल्यांदा आणलं होतं. तीही हसली. आदित्यनं नकाशावरचं माझं बाहुलं उचललं. भाला धरलेला चिलखती सरदार, खाली काळी घोडी, दोघं एकाच तुकड्यात ओतलेले. वेगळे करता येईनात, म्हणून त्यानं ते बाजूला ठेवलं आणि त्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं.

“ही तू. पायी.”

खेळ असा. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आदित्यच्या घरच्या कापडदुकानावर एक खोली आहे. रविवारी दुपारी आम्ही चौघं तिथं जमायचो. आदित्य पुण्याला शिकून आला होता, येताना हा खेळ घेऊन आला. तो मास्टर. गोष्ट तो सांगणार. समोर डोंगर आहे, किल्ला आहे, राक्षस आहे. बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं आणि आपण आता काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. केतकी जादूगारीण होती, हर्षल चोर. मी घोड्यावरचा सरदार मागून घेतला. हट्टानं. घोडीचं नाव काजळी ठेवलं. एवढा हट्ट मला आयुष्यात कधी करता आला नव्हता.

त्या दिवशी आदित्य सांगत होता, “तुम्ही गावात शिरता. समोर सामंताची हवेली. ओट्यावर चार-पाच माणसं बसलीत, तुमच्याकडं बघतायत.”

आणि मी म्हणाले, “मी उतरते. काजळीला धरून चालत जाते.”

कुणी सांगितलं नव्हतं. त्या माणसांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. माझ्याच तोंडून निघालं, शिंक यावी तसं.

दहा पावलांवर दरोडेखोर आले. घोडीवर असते तर भाला रोखून त्यांच्यातून आरपार गेले असते. सरदार असतो तो त्यासाठीच. पायी माणसाच्या हातात तो भाला म्हणजे नुसती लांब काठी. केतकीची जादूगारीण मेली. “तेरी वजह से मेले यार,” ती म्हणाली. खरंच रागावली होती.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आमचं गाव तापीकाठी, केळीच्या बागांमधलं. बागा पाटलांच्या, घड वाहणारे आम्ही. आमच्या वस्तीला तिथं एक शब्द आहे. तो लिहायची मला लाज नाही, पण त्यांच्या तोंडचा शब्द मी माझ्या हातानं का लिहू?

दादाचं लग्न होतं. करवली म्हणून मला त्याच्या पुढ्यात घोडीवर बसवलं होतं. नवा फ्रॉक, मांडीत तांब्या, तांब्यावर नारळ. इतक्या उंचावरून मी आमचं गाव कधी बघितलं नव्हतं. लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसत होतं. मी सगळीकडं बघत होते आणि फार खूश होते.

मग पाटलांचा ओटा आला. ओट्यावर माणसं चहा पीत होती. कुणी उठलं नाही. कुणी शिवी दिली नाही. बाबांनीच बँडवाल्यांना हात केला. बँड थांबला. बाबांनी मला काखेत धरून खाली घेतलं आणि दादाला म्हणाले, “उतर बेटा. पाच मिनिटांचं काम आहे.” हळद लागलेला नवरदेव खाली मान घालून घोडीच्या बाजूनं चालला. नाल्यापाशी पुन्हा चढला, पुन्हा बँड सुरू झाला. ओट्यावरचा एकजण म्हणाला होता, “समजदार लोक आहेत.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथं तोंडही आमचं आम्हीच दाबलं होतं.

आता या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं, पिंटूचं लग्न ठरलेलं. त्याच गावात, त्याच रस्त्यानं वरात. तो उतरणार हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मी बुऱ्हाणपुरात राहते, मुलांना कॉम्प्युटर शिकवते. मला वाटायचं, मी त्या ओट्यापासून लांब आले. त्या रविवारी कळलं, नाही आले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी केतकीला हे सांगितलं. मन हलकं करायला. तिनं आदित्यला सांगितलं.

पुढच्या रविवारी तो फार नरमाईनं बोलला. “सॉरी यार, मुझे पता नहीं था. हे फार वाईट आहे.” मी म्हटलं, जाऊ दे. “नाही, पण ऐक ना,” तो म्हणाला, “तुझ्या सरदाराला क्या मस्त बॅकस्टोरी है!”

खेळात प्रत्येकाचा एक कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई आणि कमजोरी लिहितात. कमजोरी घेतली की दोन गुण जादा मिळतात. हर्षलच्या चोराला सापाची भीती होती. आदित्यनं माझ्या कागदावर बॉलपेननं लिहिलं: मोठ्या घरासमोर घोडीवरून उतरते.

हर्षल म्हणाला, “वा! इथं पण हिला एक्स्ट्रा पॉइंट?”

खोलीत हशा. मीही हसले. बाकी सगळं लिहिता आलं, हे लिहायला जड जातंय. मीही हसले.

त्यानंतर आदित्यच्या जगात जिकडंतिकडं हवेल्या उगवल्या. पूल ओलांडला की हवेली. जंगल संपलं की हवेली. दर वेळी मी उतरायची, माझ्या जागी ते झाकण यायचं. केतकी चिवडा खाता खाता “उतर, उतर” म्हणत टेबलावर ताल धरायची. तिच्या मनात वाईट नव्हतं. कुणाच्याच नव्हतं. असतं तर मला भांडता तरी आलं असतं. मी घरी येऊन रडायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायची. का? कारण हवेली लागेपर्यंतचा अर्धा तास तरी मी घोडीवर असायची.

चौथ्या रविवारी आदित्य म्हणाला, “हवेली,” आणि त्यानं झाकण उचललं.

“नाही उतरत,” मी म्हणाले.

“लिहिलंय ना तुझ्या कागदावर.”

“तू लिहिलंस.”

“आणि गुण तू घेतलेस. अब रूल है तो है. चल, फासा टाक. पंधराच्या वर आले तर नको उतरू.”

मी फासा टाकला. चार आले.

“नाही उतरत.”

“यार, खेळ आहे हा. इतकं मनावर काय घेतेस?” तो वैतागला आणि झाकण नकाशावर ठेवलं. मी ते उचलून खिडकीबाहेर फेकलं. माझा कागद घेतला, चपला घातल्या, जिन्याकडं निघाले. मला वाटलं होतं, निदान केतकी हाक मारेल. तिनं नाही मारली.

त्याच आठवड्यात गावी गेले. बाबा फोनवर घोडीवाल्याला सांगत होते, “ओट्याच्या अलीकडंच थांबवायची घोडी. नवरदेव उतरेल.”

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “बाबा, दादाच्या लग्नात तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, उतरा म्हणून?”

बाबा म्हणाले, “मला नाही. माझ्या बापाला सांगितलं होतं.”

आजोबा जन्मभर लंगडत चालले. ते का, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही बाबांनी ते शब्दांत सांगितलं नाही. आता त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी पिंटूकडं गेले. म्हटलं, तू उतरू नको. आधी पोलीस ठाण्यात अर्ज देऊ. मी असेन बरोबर.

“ताई, तू बुऱ्हाणपूरला निघून जाशील,” तो म्हणाला. “मला इथंच राहायचंय, त्यांच्याच बागेत कामाला जायचंय. पाच मिनिटांचं काम है. जाने दे ना.”

तो खोटं बोलत नव्हता. दादाला फोन केला, तो म्हणाला, पिंटूचं ऐक. आईनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, जेव. घरातलं एकही माणूस माझ्या बाजूनं नव्हतं, आणि त्यातलं एकही माणूस चुकीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ठाण्यात गेले, वरातीला संरक्षण द्या असा अर्ज दिला. साहेबांनी वाचून विचारलं, “नवरदेवाची सही कुठंय?” मी म्हटलं, “माझी आहे.” त्यांनी अर्ज फायलीखाली सरकवला. बघू म्हणाले.

मग बुऱ्हाणपूरला परतून त्याच घोडीवाल्या चाचांकडं गेले. म्हटलं, मला घोडीवर चढायला शिकवा. चाचा आधी हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. रोज सकाळी शाळेआधी जायला लागले. खरी घोडी हलते, फुरफुरते, तिला घामाचा वास येतो. पहिल्या दिवशी रिकिबीत पाय अडकून पडले. चौथ्या दिवशी पुन्हा पडले, कोपर सोललं. आता कुणाचा हात न धरता चढता येतं.

परवा गावी जाऊन बाबांच्या देखत पिंटूला सांगितलं.

“तुला उतरायचं तर उतर. मी तुला एका शब्दानं बोलणार नाही. पण घोडी ओट्यासमोरून रिकामी जाणार नाही. तू उतरलास की मी चढणार.”

पिंटूनं बाबांकडं बघितलं.

बाबा म्हणाले, “पोरी, दगड येतील.”

येतील. मला माहीत आहे. फासा टाकून बघण्यासारखं त्यात काही नाही. लग्नाला अकरा दिवस आहेत आणि मला भीती वाटते.

मी चढणार.