यादीत न घातलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको माझी लवकर गेली, नाहीतर तिला तरी सांगितलं असतं — असं मी मनाशी म्हणतो खरं, पण सांगितलं असतं का? नसतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर या गोष्टीला जीभ उचलत नाही, इतकी वर्षं बघितलंय मी.

गोष्ट निजामाच्या राजवटीतली. सेलूच्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे काय, तर झाडणं-पुसणं सोडून सगळं, आणि कधी कधी तेही. काचेची कपाटं होती, कपाटांना कुलपं होती, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असायचा. बाजारातले अडते मला चिडवायचे — तुमची पुस्तकं पडद्यातल्या बेगमांसारखी, काचेतनं बघायची. मी हसायचो. एकही पुस्तक हरवलेलं नव्हतं, एकाचंही पान दुमडलेलं नव्हतं. याचा मला केवढा गर्व होता, ते आता सांगतानाही लाज वाटते.

आणि नागोराव होता. चारठाण्याचा गुरव. देवळाची पूजा आटोपली, की शेजारच्या ओवरीत तो गावचं वाचनालय चालवायचा — वाचनालय म्हणजे एक गाठोडं. महिन्या-दोन महिन्यांनी ते गाठोडं पाठीवर टाकून सात-आठ कोस चालत सेलूला यायचा, माझ्याकडून जुनी, दुबार झालेली पुस्तकं न्यायचा. आत बस म्हटलं तरी उंबऱ्यावरच बसायचा. मी चहा करायचो. दिवसभर माझ्याशी लोक बोलत ते पुस्तकाचं नाव सांगण्यापुरतं. नागोराव मात्र विचारायचा — सायेब, जेवलात का? घरात दुसरं माणूस नसलं की या प्रश्नाची किंमत कळते. मी त्याच्या येण्याचे दिवस मोजायचो. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग असं झालं, की आमच्या अध्यक्षांच्या, वकीलसाहेबांच्या मनात आलं — जिल्ह्यातली वाचनालयं चालवणारी माणसं दोन दिवस एकत्र आणावीत. प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगावं. वक्ते कोण, विषय कोणते, बोलायचं कसं, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणतो, पण मी ते आनंदाने घेतलं. वक्ते निवडण्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. ज्याने निवडलेत त्याला विचारा. ज्यांना बोलायचं असतं आणि ज्यांनी बोलायला हवं असतं, ती माणसं सहसा वेगळी असतात.

वकीलसाहेबांचं म्हणणं होतं, भाषणं नकोत, ज्याने त्याने आपलं काम करूनच दाखवावं. पालमचा माणूस वाळवी कशी आवरतो, ते त्याने कपाट मांडून दाखवावं. चारठाण्याच्या नागोरावाने गाठोडं सोडून दाखवावं. मी मान डोलावली आणि कागदावर वेगळंच लिहिलं — प्रत्येकाने निबंध लेखी पाठवावा, तोच उभं राहून वाचावा, प्रश्नोत्तरं नाहीत. कारण दिलं, सभेला कचेरीची इजाजत लागते, लेखी असेल तर बरं पडतं. ते खोटंही नव्हतं. पण माझ्या मनात काय होतं? नागोराव वाचायचा झकास, लिहायचा मात्र मोडकं-तोडकं. निबंध लिही म्हटलं की आपणच मागे सरेल, असा माझा अंदाज.

मागे सरायला का लावायचं होतं मला त्याला? तेही सांगतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी एकदा चारठाण्याला गेलो होतो. तिथे बघितलं — प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्याने एक कोरा कागद चिकटवलेला. पुस्तक परत आलं की तो वाचणाऱ्याला विचारायचा, कुठं थांबला? ज्या पानावर माणूस थांबला, ते पान त्या कागदावर लिहायचा. आणि मग संध्याकाळी ते पुस्तक घेऊन त्याच्या घरी जायचा, उरलेलं वाचून दाखवायचा. "परत आलं म्हंजे वाचलं असं न्हाई ना सायेब," मला म्हणाला. गावातला गफूरभाई पिंजारी त्याच्याबरोबर हिंडायचा. त्याला अक्षरओळख नव्हती, पण फाटलेली पुस्तकं तोच शिवायचा, आणि चारठाण्यात सर्वांत जास्त पुस्तकं ऐकलेला माणूस तोच होता. दोघं लहानपणापासूनचे. मी तिथून परत आलो, दिवा लावला, आणि माझ्या कोऱ्या करकरीत पुस्तकांकडे बघत बसलो. कोण कुठे थांबलं, मला एकाचंही ठाऊक नव्हतं.

तर निबंध मागवला. नागोराव मागे सरला नाही. त्याने दोन पानं लिहून पाठवली — वेडीवाकडी अक्षरं, जागोजाग खोडलेलं, किती संध्याकाळी घातल्या असतील देव जाणे. सगळं होतं त्यात, कोरा कागद, थांबलेली पानं, गफूरभाईची सुई. आणि शेवटी लिहिलं होतं, सेलूच्या वाचनालयाची निगा आमच्यानं होत न्हाई, तिथली पुस्तकं किती वरसं झाली तरी नवीच्या नवी दिसत्यात, आमची फाटत्यात, त्याबद्दल माफी असावी.

त्याने हे मनापासून लिहिलं होतं. टोमणा त्याला ठाऊकच नव्हता. पण भरल्या सभेत हे वाक्य त्याने वाचलं असतं, तर? आधी वकीलसाहेब हसले असते, मग सगळे. आणि तो बिचारा भांबावून बघत राहिला असता, की काय चुकलं. मला ते हसू ऐकू येत होतं. ते एक वाक्य गाळ, एवढं त्याला सांगता आलं असतं. पण का गाळू, असं त्याने विचारलं असतं, आणि ते मला त्याला समजावून सांगावं लागलं असतं — तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

इजाजतीची दरख्वास्त उर्दूत लिहून मीच कचेरीत न्यायचो. सोबत वक्त्यांची नावं आणि विषय. तिथला पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारा कारकून, भला माणूस होता. त्याने यादी वाचलीही नसेल. पंधरवड्याने इजाजत आली, जशीच्या तशी. फक्त नागोरावाचं नाव त्यात नव्हतं, कारण ते मी लिहिलंच नव्हतं.

वकीलसाहेबांना उर्दू माझ्याहून चांगलं यायचं. त्यांनी कागद वाचला, विचारलं, चारठाणा कुठे गेलं? आणि मी म्हणालो — हे शब्द मी विसरलेलो नाही — "पेशकाराने तोंडी सांगितलं, ते नाव घालू नका म्हणून." वकीलसाहेबांनी कागदाची घडी घातली. खरं-खोटं करायला कचेरीत कोण जाणार होतं? हात दाखवून अवलक्षण त्या काळात कुणीच करून घेत नसे. तुमचं नाव निघालंय एवढं कळलं, की माणूस पुढचं विचारत नसे. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ते खोटं निवडलं, दुसरं नाही.

सभेच्या आदल्या दिवशी नागोराव आला. नवं धोतर नेसून, गाठोडं घेऊन, उंबऱ्यावर बसला. मी त्याला तेच सांगितलं. मला वाटलं होतं, हिरमुसेल, परत जाईल. पण तो घाबरला. हातातली कपबशी त्याने खाली ठेवली. "माझं नाव कचेरीत गेलं कसं? कुनी सांगितलं आसंल?" मी म्हणालो, मला काय ठाऊक. मग तो स्वतःशीच म्हणाला, "आमच्या गावचंच कुनीतरी करायलाय हे." तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो का? मी म्हणालो, चहा गार होतोय.

तो परत गेला नाही. सभेत सगळ्यात मागे, चपलांजवळ, खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी त्याची मोकळी पडलेली वेळ आली, आणि वकीलसाहेब माझ्या कानात म्हणाले, तुम्हीच भरा. मी उभा राहिलो. माझ्याकडे दुसरं होतंच काय? वर्गीकरणावर जे बोलायचं ते आदल्या दिवशी बोलून झालं होतं, उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. मी कोऱ्या कागदाबद्दल बोललो. कुठं थांबला, हे कसं विचारावं. उरलेलं कसं वाचून दाखवावं. पाठ होती मला ती दोन पानं. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं. लोक हातातले पंखे हलवायचे थांबले होते. त्यानंतर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी ती रीत सुरू झाली, आणि तिला सेलूची रीत म्हणू लागले.

सभा सुटल्यावर नागोराव माझ्याकडे आला. मला वाटलं, आता विचारणार. विचारावंच, असंही कुठेतरी वाटत होतं. त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "सायेब, माझं नाव न घेता समदं सांगितलंत तुमी. मला वाचवलं, आन् काम बी लोकाला कळलं. लय उपकार झाले."

आणि मी ते उपकार घेतले. काय म्हणालो, सांगू? म्हणालो, सांभाळून जा.

तो सांभाळूनच गेला. चारठाण्याला पोचला त्याच रात्री त्याने सगळी पुस्तकं गावठाणाच्या पांढरीतल्या एका रिकाम्या पेवात, धान्य साठवायच्या त्या खड्ड्यात उतरवली आणि तोंड लिंपून टाकलं. जप्ती आली तर सापडू नयेत म्हणून. कुठली जप्ती? कुणीच येणार नव्हतं. गफूरभाईला त्याने पेव कुठलं ते सांगितलं नाही. गफूरभाईच्या मेहुण्याला कचेरीत शिपायाची नोकरी होती, आणि नागोरावाने दोन आणि दोन चार केले. तो त्याच्याशी बोलेनासा झाला. गफूरभाई काही दिवस ओवरीत येऊन बसायचा म्हणे, सुई-दोरा घेऊन. मग यायचा थांबला. हे सगळं मला पालमच्या त्या वाळवीवाल्याने सांगितलं, कारण नागोराव सेलूला यायचा बंद झाला होता. त्याने निरोप पाठवला होता — माझ्यामुळं सायेबाच्या मागं झंझट नको. मी उंबऱ्याकडे बघायचो. दोन कपबशा काढायचो आणि एक परत ठेवायचो.

असं किती वर्षं? निजामाचं राज्य जाईपर्यंत. त्या साली थंडीत, एका दुपारी, नागोराव दारात उभा. केस सगळे पिकलेले. पाठीवर तेच गाठोडं. पेव उघडलं होतं त्याने. उंबऱ्यावर बसून त्याने फडकं सोडलं — आत पुस्तकं नव्हती, काळा-तपकिरी लगदा होता, पावसाळ्यामागून पावसाळे ओल धरून बसलेला. कुठे कुठे गफूरभाईचा दोरा तेवढा शाबूत होता. ह्याचं काही होईल का, विचारायला सात-आठ कोस आला होता तो. काही होणार नव्हतं. मी तसं सांगितलं. त्याने फडक्याची गाठ परत बांधली, एखाद्या लहान लेकराचं झबलं बांधावं तशी.

मग म्हणाला, "सायेब, आता तर त्यांचं राज्य गेलं. कचेरीतले कागद आता बघायला मिळत्याल का? माझं नाव कुनी सांगितलं, तेवढं कळाया पायजे. गफूर गावातच हाय. एकटाच ऱ्हातो. मी चुकलो आसंन तर त्याचे पाय धरीन."

दुपारची वेळ होती. वाचनालयात आम्ही दोघंच. राज्य गेलेलं, पेशकार कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं, वकीलसाहेब वारलेले. आता कशाचीच भीती उरलेली नव्हती, ना त्याला ना मला. एक वाक्य होतं सांगायचं. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "ते कागद जाळले म्हणतात."

त्याने गाठोडं पुढ्यात ओढलं. मग म्हणाला, "म्हंजे गफूरच आसंल." आणि मी नाही म्हणालो नाही.

उठताना त्याने विचारलं, जेवलात का. मी हो म्हणालो. त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन कपाटांना कुलपं लावली. पुढच्या पावसाळ्यात गफूरभाई गेला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी नागोराव. गफूरभाईच्या मयतीला नागोराव गेला नव्हता, असं कळलं. ती दोन पानं माझ्याजवळ आहेत, त्याच्या अक्षरातली, शेवटच्या वाक्यासकट.