दादांनी ताट सोडलं

मी आमचं काष्टी गाव सोडलं तेव्हा वडील, म्हणजे आमचे दादा, एस.टी.च्या खिडकीशी आले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले, "सोताची जमीन टाकून लोकांची उष्टी ताटं उचलाया चाललाय ह्यो!" मी चौथी नापास, पण तोंडाला कमी न्हवतो. म्हणालो, "काम हाय ते, चोरी न्हाई." गाडी सुटली.

महाबळेश्वरच्या हॉटेलात महिनाभर ट्रेनिंग. जमलं तर वेटर, न्हाई तर परत काष्टी, आणि परत गेलो तर दादा जन्मभर ऐकवणार. तिसऱ्याच दिवशी एका पाव्हण्यानं ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडं पंगतीत हात आडवा धरला म्हणजे माणूस लाजतोय, वाढा. मी आमटी वाढली. गरम गरम, त्याच्या बोटांवरनं मनगटापर्यंत! मॅनेजर म्हणाले, "पिशवी भर." मी म्हणालो, "साहेब, चूक झाली. पण रीत शिकवा, मग घालवा." हललोच न्हाई. दोन दिवस भांडी घासत राहिलो. शेवटी म्हातारे हेड वेटर हसले, "गड्या, हात काय बघतोस, डोळे बघ. पोट भरलं की माणसाची नजर ताटावरनं उठते." मॅनेजरनं पुन्हा हॉलमध्ये उभं केलं. महिना संपला तेव्हा मी वेटर होतो. पुढं कॅप्टन झालो, मग सगळा डायनिंग हॉल माझ्या हाताखाली आला.

बऱ्याच वर्षांनी दादा आले. कोपऱ्यातल्या टेबलावर अंग चोरून बसले. जेवले, आणि आपलं ताट आपणच घेऊन उठायला लागले.

"बसा दादा. हे माझं काम हाय."

माझ्याकडं बघत राहिले. मग ताट सोडलं. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "आमचा धाकला हाय ह्यो. समदा हॉल ह्योच चालवतो."

आता टुरिझमचा कोर्स केलेली पोरं-पोरी माझ्याकडं शिकायला येतात. इंग्रजी फाडफाड. तरी पहिल्या दिवशी मी त्यांना एकमेकांना वाढायला लावतो आन् निम्मी हातच बघतात, चुकतात. यंदा आमच्या श्रीगोंद्याच्या दोन पोरी आहेत, लई तयारीच्या. गावकऱ्यांनो, अजून पाठवा. ताटं उचलायची लाज मी कवाच संपवून ठेवलीय.

काष्टीला गेलो की वहिनी विचारतात, "भावजी, मुक्काम हाय का लगीच निघायचं?" आधी हे मनाला लागायचं. आता मीच हसतो. तिथं मी पाव्हणा, ते खरंच हाय. इथं हॉटेलच्या दाराशी पाव्हण्यांची गाडी थांबली की सगळी पोरं वळून माझ्याकडं बघतात, कारण घरधनी मी हाय.